एका कॉम्प्युटरला चार यंत्रे : मल्टिपोर्ट सिरियल कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर

कापडाच्या धंद्यात मीटर आणि किलो अशी दोन्ही मापे चालतात. सुटिंग-शर्टिंगचा तागा मीटरवर जातो. पण होजियरीचे कापड, कटपीस, चिंधी आणि सूत हा माल काट्यावर तोलून विकला जातो. म्हणून आमच्यासारख्या दुकानदाराच्या गल्ल्यावर कॉम्प्युटरच्या जोडीला निदान चार यंत्रे असतात. वजनकाटा, बिलाचा प्रिंटर, मालावर चिकटवायच्या लेबलांचा प्रिंटर आणि गिऱ्हाइकाला रक्कम दाखवणारा छोटा डिस्प्ले. ही यंत्रे दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली असतील तर ती बहुधा कॉम्प्युटरशी सिरियल पोर्टमधून बोलतात. सिरियल पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीमागचे नऊ पिनांचे तोंड. बाजारात त्याला कॉम पोर्ट म्हणतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबवली. त्याच्या आगेमागे ओवे, खारघर, तळोजा, पनवेल भागातील आमच्या ओळखीच्या बऱ्याच व्यापारी बंधूंनी कॉम्प्युटर बदलले. नवा कॉम्प्युटर दुकानात आला, आणि पाठीमागे पाहतात तो नऊ पिनांचे तोंडच नाही! फार तर मदरबोर्डवर एक असते, तेही आत, बाहेर न काढलेले. अशा वेळी कॉम्प्युटर बसवायला आलेला मुलगा सरळ सांगतो, "चाचा, काटा जुना झाला, नवीन घ्या. प्रिंटरही नवीन घ्या." काटा उत्तम चालत असतो, पासिंग झालेले असते, प्रिंटरही तक्रार करत नाही. कमी असते ते फक्त तोंड. एका कार्डात चार किंवा आठ तोंडे मिळतात, आणि सारा मामला त्या कार्डाच्या ड्रायव्हरवर येऊन थांबतो. या लेखात आम्ही तेवढ्याच गोष्टीचा विचार करणार आहोत.

हा प्रश्न केवळ कापडवाल्यांचा नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या आसपास धर्मकाटे आहेत. तिथे काट्याचा आकडा कॉम्प्युटरला आणि बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेला याच तारेने जातो. वर्कशॉपमधील जुन्या सीएनसी मशीनना प्रोग्राम याच तोंडातून पाठवला जातो. दूध संकलन केंद्रांत काटा, फॅट काढण्याचे यंत्र, डिस्प्ले आणि प्रिंटर अशी चार यंत्रे एका कॉम्प्युटरला जोडलेली असतात. कोल्हापूर-सांगलीकडे कोणत्याही गावच्या दूध संस्थेत सकाळी गेलात तर ही मांडणी दिसेल.

आणि ही युक्ती नवीनही नाही. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर आपल्या बँकांत यंत्रे येऊ लागली, तेव्हा अनेक शाखांत एकच युनिक्सचा कॉम्प्युटर असे आणि बाकीच्या टेबलांवर नुसते पडदे व कीबोर्ड. हे सगळे टर्मिनल त्या एका कॉम्प्युटरला मल्टिपोर्ट सिरियल कार्डानेच जोडलेले असत. काउंटरवर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला याची खबर नव्हती, एवढेच.

चार तोंडांचा हिशेब

आरएस-२३२ हे या तारेवरच्या बोलीचे नाव. १९६० साली अमेरिकेत तिचे नियम ठरले, १९६९ साली त्यांची 'सी' आवृत्ती निघाली. कॉम्प्युटरच्या आत ही बोली समजणारी एक चिप असते, तिला यूएआरटी म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सिरियल कार्डावर ८२५० नावाची चिप होती. तिच्याजवळ येणारे एकच अक्षर ठेवण्याची जागा. ९६०० च्या वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येतात, म्हणजे कॉम्प्युटरने दर एक हजारांश सेकंदाला येऊन ते अक्षर उचलले नाही तर पुढचे अक्षर त्याच्यावर बसते आणि पहिले हरवते. नंतरच्या १६५५० ए चिपमध्ये १६ अक्षरांची रांग लावण्याची सोय झाली. आजच्या कार्डांत तर १२८ किंवा २५६ अक्षरांची रांगही मिळते. एकाच वेळी चार यंत्रे बोलणार असतील तर ही रांग कामाला येते. म्हणून कार्ड घेताना ती विचारावी.

जुन्या पीसीत कॉम १ चा पत्ता ३एफ८ आणि कॉम २ चा २एफ८ असा कायमचा ठरलेला असे. कॉम १ आणि ३ मिळून चार नंबरची आयआरक्यू वापरत, कॉम २ आणि ४ मिळून तीन नंबरची. आयआरक्यू म्हणजे कॉम्प्युटरचा दरवाजा ठोठावण्याची घंटा. एक घंटा दोघांत असली की एकाच वेळी दोघांनी वाजवायची नाही, असा तो काळ होता. पीसीआय आणि त्यानंतरच्या पीसीआय एक्सप्रेस कार्डांत हा त्रास राहिला नाही. पत्ता कॉम्प्युटर स्वतः वाटून देतो, घंटा वाटून घेता येते. पण त्याची किंमत अशी की कोणते तोंड कोणत्या पत्त्यावर आहे हे विंडोजला सांगणारा कोणीतरी लागतो. तो म्हणजे ड्रायव्हर. कार्ड आणि विंडोज यांच्या मधला हा दुभाषा. दुभाषाच चुकीचा आणला तर दोन्हीकडचे इमानदार असूनही सौदा बिघडतो.

कार्ड घेण्यापूर्वी

पहिली गोष्ट, कॉम्प्युटर उघडून स्लॉट पाहावा. जुना पीसीआय स्लॉट बहुधा पांढरा आणि लांब असतो; नव्या मदरबोर्डवर तो सहसा नसतोच. तिथे पीसीआय एक्सप्रेसचा आखूड स्लॉट असतो. जुन्या कॉम्प्युटरमधले चांगले कार्ड काढून नव्यात बसवण्याचा विचार बहुतेक वेळा इथेच संपतो. दुसरी गोष्ट, कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाबरोबर आखूड पट्टी मिळते का हे विचारावे. नाहीतर कार्ड बसते पण झाकण बसत नाही.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. डब्यावर कंपनीचे नाव काय आहे यापेक्षा कार्डावर चिप कोणाची आहे ते पाहावे, कारण ड्रायव्हर चिपचा असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एकसारखी दिसणारी दहा कार्डे दहा नावांनी मिळतात, आणि आत चिप तीन-चारच कंपन्यांच्या असतात. तैवानच्या एसिक्स आणि मोक्सा, चीनची डब्ल्यूसीएच, अमेरिकेची एक्झार ही त्यांतील काही नावे. आपल्या हैदराबादच्या मॉसचिप कंपनीच्या एमसीएस ९८ मालिकेच्या चिप तर एके काळी निम्म्या स्वस्त कार्डांवर दिसत. दुकानदाराला सरळ विचारावे : विंडोज ११ च्या ६४ बिटसाठी या चिपचा ड्रायव्हर चिपच्या कंपनीकडे आहे का? विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, त्यामुळे डब्यातील सीडीवर ३२ बिटचा ड्रायव्हर असेल तर ती सीडी शोभेची वस्तू समजावी. तसेही नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागा नसते.

यूएसबीची वायर घेऊन काम भागणार नाही का, असे विचारणारे पुष्कळ आहेत. एकच यंत्र असेल तर भागते. पण स्वस्त वायरींत नकली चिपचा सुळसुळाट आहे. प्रोलिफिक कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या आणि नकली चिप चालवणे बंद केले, आणि एफटीडीआय कंपनीच्या २०१४ मधील एका ड्रायव्हरने तर नकली चिपची ओळखच पुसून टाकली होती, त्यावर मोठा गदारोळ झाला. वायर काल चालत होती आणि विंडोजच्या अपडेटनंतर आज चालत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते. शिवाय झाडू मारताना वायर निघाली आणि दुसऱ्या भोकात लावली की कॉमचा नंबर बदलतो. चार यंत्रांना चार लोंबत्या वायरी, हे गल्ल्यावरचे काम नव्हे.

बसवण्याची तरतीब

कॉम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करून चालत नाही, मदरबोर्डवर थोडी वीज राहतेच. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. कार्डावर छोटे जंपर असतील तर ते आधी पाहावेत. दुकानाच्या यंत्रांसाठी बनवलेल्या काही कार्डांत नवव्या किंवा पहिल्या पिनवर ५ किंवा १२ व्होल्ट देण्याची सोय असते, म्हणजे डिस्प्लेला वेगळा अडॅप्टर लागत नाही. ज्या यंत्राला ही वीज नको आहे त्याच्या तोंडावर ती चालू राहिली तर यंत्र जळू शकते. काट्याच्या तोंडावर ती नेहमी बंद ठेवावी.

कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबून, स्क्रू लावून, कॉम्प्युटर चालू करावा. मग स्टार्ट बटणावर उजवी टिचकी मारून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. 'अदर डिव्हायसेस' खाली पिवळ्या खुणेचे 'पीसीआय सिरियल पोर्ट' किंवा तत्सम नाव दिसेल. घाबरू नये. ही खूण म्हणजे कार्ड सापडले, दुभाषा नाही. खूणच दिसली नाही तर मात्र कार्ड नीट बसलेले नाही किंवा स्लॉट बायोसमध्ये बंद आहे. ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

त्या नावाचे प्रॉपर्टीज उघडून 'डिटेल्स' मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. तिथे व्हीईएन आणि त्यापुढे चार अक्षरे-आकडे, डीईव्ही आणि त्यापुढे चार, असे दिसते. पहिला चौकडा कंपनीचा, दुसरा चिपचा. मॉसचिपचा चौकडा ९७१० आहे. म्हणजे व्हीईएन ९७१०, डीईव्ही ९८६५ दिसले तर डब्यावर काहीही लिहिलेले असो, आत एमसीएस ९८६५ चिप आहे. हे दोन चौकडे कागदावर उतरवून घ्यावेत आणि चिपच्या कंपनीच्या ठिकाणाहूनच ड्रायव्हर घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर मोफत' म्हणून जाहिरात करणाऱ्या जागा असतात, तिथून दुसरीच बला दुकानात येते. ज्या कॉम्प्युटरवर आपला हिशेब-किताब आणि बँकेचे व्यवहार आहेत त्यात असा माल घालू नये.

ड्रायव्हर दोन पायऱ्यांत बसतो, आणि घोटाळा इथेच होतो. पहिल्या पायरीत पूर्ण कार्डाची ओळख होते. ते 'मल्टि-पोर्ट सिरियल अडॅप्टर्स' या नावाखाली जाते. दुसऱ्या पायरीत त्यावरील एकेक तोंड ओळखले जाते आणि 'पोर्ट्स' या नावाखाली कॉम ३, कॉम ४, कॉम ५ असे नंबर दिसू लागतात. पहिली पायरी झाली, पिवळी खूण गेली, की कारागीर खूश होऊन चहा मागतो, आणि खाली तोंडे दोनच उगवलेली असतात. चार तोंडांचे कार्ड असेल तर चार नंबर मोजूनच घ्यावेत. काही ड्रायव्हर आधी फाइल चालवून मग कार्ड बसवायला सांगतात. कार्डाबरोबरच्या कागदात जो क्रम असेल तोच पाळावा.

पिवळी खूण राहिलीच तर तिच्यावर टिचकी मारून कोड वाचावा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. १० म्हणजे बसला पण यंत्र सुरू झाले नाही; चुकीचा ड्रायव्हर किंवा वर सांगितलेली नकली चिप. १२ म्हणजे पत्ता किंवा घंटा वाटून मिळाली नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरवर मान्य सही नाही. विंडोजच्या नव्या आवृत्त्या सहीशिवाय ड्रायव्हर घेत नाहीत. काही कारागीर यावर इलाज म्हणून कॉम्प्युटर 'टेस्ट मोड' मध्ये टाकतात, किंवा सुरक्षेच्या भागातील 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करतात. आमचे स्पष्ट मत आहे की एका कार्डासाठी दुकानाचे कुलूप काढून ठेवू नये. कार्ड परत करावे आणि ज्याचा सही केलेला ड्रायव्हर आहे असे घ्यावे.

नंबराची गाठ

आता तोंडे आली, पण बिलाचे सॉफ्टवेअर म्हणते की काटा सापडत नाही. कारण साधे असते. जुने सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ एवढेच ओळखते, काही ९ पर्यंत जातात. १० आणि त्यापुढील नंबर विंडोजमध्ये वेगळ्या पद्धतीने लिहून मागावे लागतात, ते जुन्या प्रोग्राममध्ये लिहिलेले नसते. कार्डाला मात्र विंडोजने कॉम ११ पासून नंबर दिलेले असतात, कारण मधले नंबर पूर्वी कधीतरी लावलेल्या यूएसबी वायरींनी अडवून ठेवले आहेत. गिऱ्हाईक गेले तरी खुर्ची अडलेलीच!

इलाज असा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मधून 'शो हिडन डिव्हायसेस' करावे. पुसट दिसणारे जुने पोर्ट उजव्या टिचकीने काढून टाकावेत. मग आपल्या तोंडाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट सेटिंग्ज', त्यात 'अडव्हान्स्ड', आणि तिथे हवा तो नंबर निवडावा. काही कार्डांत हे पान पोर्टऐवजी वरच्या अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये असते. काटा नेहमी लहान नंबरावर ठेवावा, कारण तोच सर्वात जुना आणि सर्वात महत्त्वाचा. तिथेच 'पॉवर मॅनेजमेंट' चे पान असल्यास कॉम्प्युटरने वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी. जुमाच्या नमाजला जाऊन आल्यावर काटा झोपलेला सापडतो, त्याचे कारण बहुधा ही परवानगी असते.

फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले डॉसचे बिलिंग अजून वापरणारे बंधू आहेत. ६४ बिट विंडोजवर ते थेट चालत नाही. शिवाय डॉसचा प्रोग्राम ३एफ८ या पत्त्यावर स्वतः जाऊन दार ठोठावतो, आणि नव्या कार्डाचे दार त्या पत्त्यावर नसते. डॉसबॉक्स नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये डॉस चालवून त्याचा सिरियल १ खऱ्या कॉम ५ ला बांधून देता येतो. 'डायरेक्टसिरियल' अशी ती सोय आहे. पण डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनलेला आहे. त्यावर हिशेब चालवायचा तर रोज संध्याकाळी डेटाची दुसरी प्रत काढल्याशिवाय शटर ओढू नये.

लिनक्स वापरणाऱ्यांना ड्रायव्हर शोधण्याचे काम बहुतेक वेळा पडत नाही, तो गाभ्यातच असतो. तिथे अडचण वेगळीच. काही लिनक्समध्ये चारच तोंडे दाखवण्याची मर्यादा घातलेली असते आणि आठ तोंडांच्या कार्डाची अर्धी तोंडे गायब दिसतात. सुरू होण्याच्या ओळीत '८२५० डॉट एनआर अंडरस्कोर यूएआरटीएस बरोबर' आणि तोंडांची संख्या लिहिली की ती उगवतात (अक्षरे अर्थात इंग्रजी लहान लिपीतच लिहावीत). वापरणाऱ्याचे नाव 'डायलआउट' गटात घालायचे विसरू नये.

काटा खरे बोलतो, बिल खोटे

आता या विषयातील खरी जोखीम. तोंड चालू झाले, आकडा येऊ लागला, म्हणून काम झाले असे समजू नये. काटा आणि कॉम्प्युटर यांच्यात चार गोष्टी जुळाव्या लागतात : वेग, अक्षराचे बिट ७ की ८, पॅरिटी म्हणजे पडताळणीचा बिट आहे की नाही, आणि शेवटचे स्टॉप बिट. वेग चुकला तर पडद्यावर नुसता कचरा येतो. ते बरे, कारण चूक लगेच दिसते. पॅरिटीची चूक मात्र लपून बसते.

समजा काटा ७ बिट आणि सम पॅरिटीवर बोलतो आणि कॉम्प्युटर ८ बिट, पॅरिटी नाही, असे ऐकतो. सम पॅरिटी म्हणजे प्रत्येक अक्षरातील एकांची संख्या सम व्हावी म्हणून जरूर पडल्यास एक जादा बिट लावायचा. ०, ३, ५, ६ आणि ९ या आकड्यांत एकांची संख्या मुळातच सम आहे. त्यांना जादा बिट लागत नाही, ते जसेच्या तसे पोहोचतात. १, २, ४, ७ आणि ८ यांना तो बिट लागतो आणि कॉम्प्युटरला ती भलतीच अक्षरे दिसतात. आता कारागीर चाचणीला काट्यावर ५ किलोचे वजन ठेवतो. पडद्यावर ५.००० येते. वा! पण नंतर गिऱ्हाइकाचे १२.४५० किलो कापड ठेवले जाते. १, २ आणि ४ बिघडतात, ५ आणि ० राहतात. काही सॉफ्टवेअर न समजलेली अक्षरे मुकाट टाकून देतात. साडेबारा किलोच्या जागी अर्ध्या किलोचे बिल तयार होते. असे ढोबळ असेल तर गल्ल्यावरचा माणूस ओळखेल. पण ३६.९५४ मधला शेवटचा ४ गेला, किंवा ६०.७५० मधला ७ गळून ६०.५० झाले, तर कोण ओळखणार? पाव किलो सूत दुकानाच्या खिशातून गेले. विषम पॅरिटी असेल तर हेच उलट्या आकड्यांचे होते.

म्हणून तपासणी अशी करावी की काट्याच्या डिस्प्लेवर दहाही आकडे कधी ना कधी येतील. वेगवेगळे दहा-पंधरा नग ठेवावेत आणि काट्यावरचा आकडा व पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी वहीत लिहावा. एक वजन ठेवून तसल्ली करून घेऊ नये. ग्राहकाकडून कमी घेतले काय आणि जास्त घेतले काय, मापात पाप ते मापात पापच, मग ते तारेत झालेले का असेना.

दुसरी लपलेली चूक घड्याळाची. साध्या पोर्टवर चिपचे घड्याळ असे असते की कमाल वेग १,१५,२०० मिळतो. काही कार्डांवर आठपट जलद घड्याळ बसवलेले असते आणि कमाल वेग ९,२१,६०० असतो. अशा कार्डाला कोणीतरी साधारण ड्रायव्हर लावला तर सॉफ्टवेअर ९६०० म्हणते आणि कार्ड ७६,८०० ने बोलते. सगळी सेटिंग बरोबर, वायर बरोबर, तरी कचरा. योग्य ड्रायव्हर हाच त्यावर इलाज.

तिसरे, काटा सतत आकडे पाठवतो की बटण दाबल्यावर एकदाच, हे पाहावे. सतत पाठवणाऱ्या काट्यात बहुधा आकड्याबरोबर 'स्थिर' किंवा 'हलता' अशी खूण येते. सॉफ्टवेअरने स्थिर आकडाच घेतला पाहिजे. नाहीतर काट्यावर तागा टाकताना बसलेला झटका बिलात उतरतो.

एक इशारा. काट्याचा वेग आणि पॅरिटी बहुतेक वेळा त्याच्या साध्या मेनूत बदलता येते. ते न जमल्यास कॉम्प्युटरची सेटिंग काट्याप्रमाणे करावी. पण वैध मापन खात्याचे सील तोडून आत हात घालू नये आणि कॉम्प्युटरवाल्या मुलालाही घालू देऊ नये. वैध मापन अधिनियम २००९ हा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. काटा दुरुस्त करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि सील तुटलेला काटा वापरणे दुकानदाराच्या अंगावर येते.

तार आणि पावसाळा

यंत्र बोलत नसेल तर दोष कार्डात आहे की तारेत, हे पाहण्याची सोपी रीत आहे. कार्डाच्या तोंडातील २ आणि ३ नंबरच्या पिना बारीक तारेने एकमेकींना जोडाव्यात आणि पुट्टीसारखा मोफत टर्मिनल प्रोग्राम त्या कॉमवर उघडून काहीही टाइप करावे. टाइप केलेले तसेच परत दिसले तर कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. तार काढली की दिसणे थांबले पाहिजे. नाहीतर आपण भलत्याच नंबरावर बसलो आहोत. हाच प्रयोग चारही तोंडांवर करून कोणत्या तोंडाचा कोणता नंबर हे चिकटपट्टीवर लिहून लावावे. मागे छापलेला क्रम आणि विंडोजचा क्रम एकच असेल असे नाही.

तारा दोन जातीच्या असतात. सरळ तारेत २ ला २ आणि ३ ला ३ जाते. उलट तारेत २ ला ३. बाहेरून दोन्ही सारख्याच. काट्यासाठी कोणती लागते ते काट्याच्या पुस्तिकेत असते, आणि चुकीची लावल्याने सहसा काही जळत नाही, फक्त काम होत नाही. लांबी १५ मीटरच्या आत ठेवावी. त्यापुढे गोदामापर्यंत न्यायचे असेल तर आरएस-४८५ ची पद्धत घ्यावी, ती १२०० मीटरपर्यंत जाते.

आमच्या ओव्याला डोंगर पाठीशी आहे, जून महिना लागला की विजा कडाडतात आणि लाईट येते-जाते. काटा एका फेजवर, कॉम्प्युटर दुसऱ्यावर, आणि अर्थिंग कशालाच धड नाही, अशी मांडणी असली की दोघांच्या जमिनीतील फरक या बारीक तारेतून वाहतो आणि पोर्ट जळतो. चारही यंत्रे आणि कॉम्प्युटर एकाच अर्थिंगवर घ्यावेत. धर्मकाट्यासारखी लांब, उघड्यावरची तार असेल तर तोंडे वीजेने अलग केलेले, म्हणजे आयसोलेशनचे कार्ड महाग असले तरी तेच घ्यावे. तार लावताना आणि काढताना यंत्र बंद असावे.

हे काम शिकण्यासारखे आहे. आपल्या वस्तीतील जी मुले मोबाइल दुरुस्ती करतात त्यांना हात आहे, हत्यारे आहेत. एक लूपबॅक प्लग, दोन्ही जातीच्या तारा, चार चिपचे सही केलेले ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणि वर सांगितलेली दहा आकड्यांची तपासणी एवढे ज्याच्याजवळ आहे त्याला तळोज्याच्या वर्कशॉपपासून पनवेलच्या बाजारापर्यंत काम आहे. जुनी यंत्रे जाणणारे कारागीर म्हातारे होत आहेत आणि यंत्रे अजून चालू आहेत.

दुकानदाराने एवढे करावे : ड्रायव्हरची फाइल, दोन्ही चौकडे, प्रत्येक तोंडाचा कॉम नंबर आणि त्या यंत्राचा वेग, बिट व पॅरिटी एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावे, आणि फाइल पेनड्राइव्हवर गल्ल्यात ठेवावी. दर वर्षी काट्याचे पासिंग होते किंवा काटा दुरुस्तीला जाऊन येतो, तेव्हा दुरुस्त करणारा पुष्कळदा त्याची सेटिंग कारखान्याची करून देतो. म्हणून त्या दिवशी पहिले बिल फाडण्याआधी तो कागद काढावा आणि दहाही आकडे पुन्हा एकदा वहीत उतरवून पाहावेत.